या घराचे पुढचे शब्द

मुरलीधर शिखरेचं काम स्वच्छ होतं. निदान पहिली तीन वर्षं त्याला तसं वाटत होतं.

त्याआधी अठरा वर्षं तो मिरजेच्या एका दैनिकात मुद्रितं तपासायचा. दैनिक बंद पडलं तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्या वयात कोण काम देतं? 'अग्रपान' नावाच्या कंपनीनं दिलं. तिथं शब्द निवडायचे होते.

काम साधं होतं. एखाद्या दवाखान्याची किंवा दुकानाची वेबसाइट असते. लोक फोनला काहीतरी विचारतात आणि समोर पानांची यादी येते. त्या यादीत आपल्या गिऱ्हाइकाचं पान वर यावं म्हणून त्यात कोणते शब्द पेरायचे, ते ठरवायचं. मुख्य शब्द कुणालाही सुचतो. गुडघ्याच्या डॉक्टरला 'गुडघेदुखी' सुचतेच. पण ज्याचा गुडघा दुखतो तो माणूस 'गुडघेदुखी' विचारत नाही. 'जिना उतरताना कळ येते', 'देवळात मांडी घालून बसता येत नाही', असं विचारतो. हे झाले संबंधित शब्द. ते हुडकण्यात मुरलीधरचा हात धरणारं कुणी नव्हतं. अठरा वर्षं त्यानं लोकांची पत्रं, तक्रारी आणि निधनाच्या बातम्या वाचल्या होत्या. लोक कसं बोलतात ते त्याच्या कानात बसलं होतं.

मशीनही हे काम करायचंच, पण शेजारावरून. 'चहा' आणि 'कॉफी' या दोन्ही शब्दांच्या आजूबाजूला कप, साखर, घोट हेच शब्द सापडतात, म्हणून मशीन त्या दोघांना नातेवाईक समजतं. प्रत्येक शब्दाला ते शेकडो आकड्यांचा पत्ता देतं आणि दोन पत्त्यांमधलं अंतर मोजतं. अंतर कमी तर नातं जवळचं. जे कुणी कधी लिहूनच ठेवलं नाही, ते मात्र मशीनला ठाऊक नसायचं. ते मुरलीधरला ठाऊक असायचं.

मग 'अनुक्रम' आलं.

"यात काळ घातलाय, सर," ऋतुजा पोतदार म्हणाली. ती कंपनीची प्रमुख होती. वय एकतीस. सगळे तिला मॅडम म्हणायचे आणि ती मुरलीधरला सर म्हणायची. "कुठला शब्द कुठल्या शब्दाजवळ येतो, ते जुनं झालं. आता कुठल्या घरात कुठल्या शब्दानंतर किती दिवसांनी कुठला शब्द येतो, ते बघायचं."

"घरात?"

"घरात. माणसाचा माग काढायला कायद्यानं बंदी आहे. घराला नाही."

एका घरातले सगळे फोन एकाच वाय-फायवर असतात. अनुक्रमच्या लेखी ते घर म्हणजेच एक माणूस. अशी चार कोटी घरं त्यानं आठ वर्षं पाहिली होती. एखाद्या घरानं आज लग्नाचे मुहूर्त शोधले, की चाळीस दिवसांनी ते आचारी शोधतं आणि दीडेक वर्षानं डोहाळजेवणाची फुलांची वाडी. हे कुणालाही कळतं. पण अनुक्रमला असंही कळायचं, की ज्या घरात पाण्याची गादी भाड्यानं कुठं मिळते असं विचारलं जातं आणि त्याच आठवड्यात पातळ पेज कशी करायची असं विचारलं जातं, त्या घरात साधारण सव्वीस दिवसांनी काय विचारलं जाईल. याला कंपनीत 'घराचे पुढचे शब्द' म्हणत. पूर्वी पान माणसाची वाट बघत बसायचं. आता माणसानं विचारायच्या आधीच ते त्याच्या फोनवर, बाकीच्या पानांच्या गर्दीत, येऊन बसणार होतं.

पहिलं गिऱ्हाईक होतं 'सद्गती सेवा'. मयताच्या सामानापासून तेराव्याच्या जेवणापर्यंत आणि वारसदाखल्यापासून विधुरांच्या वधूवर मेळाव्यापर्यंत सगळं एका ठिकाणी.

मशीननं काढलेली यादी भिंतीवर लागली होती. अंत्यविधी, अस्थिविसर्जन, पिंडदान. मुरलीधरनं वाचली आणि मान हलवली.

"असं कोण विचारतं, मॅडम? घरात मयत पडल्यावर कुणाला 'अंत्यविधी' आठवतो? बायका विचारतात, सवाष्ण गेल्यावर काय नेसवतात? हिरवं लुगडं का नवी साडी? चोळी नवी शिवायची का असलेली चालते? कारण त्या वेळी घरातली म्हातारी माणसं रडत असतात. विचारायचं कुणाला?"

ऋतुजानं ते शोधून पाहिलं. तो प्रश्न त्या शब्दांत अजून कुणीच टाइप केलेला नव्हता.

"शून्य," ती म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या. "आख्ख्या महाराष्ट्रात पहिले आपण. हे मशीनला सात जन्मांत सापडलं नसतं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मुरलीधर घरी जाताना पाव किलो खाजा घेऊन गेला.

*

त्याची बायको वैजयंती शिवणयंत्रावर बसली होती. साडीला फॉल लावणं, पिको करणं, ब्लाउज शिवणं असं तिचं काम. डोक्याला सुती रुमाल होता. केस गेले होते.

चैत्रात तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टर शबाना मुल्लांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "सहा डोस. मग ऑपरेशन. मी खोटा धीर देत नाही. शंभरातल्या ऐंशी बायका यातून बऱ्या होतात. पण सहाच्या सहा घ्यायचे." दोन झाले होते. गाठ निम्मी झाली होती.

"खाजा कशाला?" वैजयंती म्हणाली. "मला सगळं पत्र्यासारखं लागतं."

"मी खातो की. तू बघ."

"बघतेच आहे अठ्ठावीस वर्षं."

मुरलीधरनं तेव्हा घरून काम मागून घेतलं होतं. तिच्याजवळ राहता यावं म्हणून. आणि घरून करायचं काम म्हणजे तपासणी. निवडलेला प्रत्येक शब्द प्रत्यक्ष टाइप करायचा, आलेलं पान उघडायचं, शेवटपर्यंत वाचायचं आणि आपलं पान कितवं येतं ते नोंदवायचं. ऑफिसातून केलं तर शोधाच्या यंत्रणेला कळायचं की ही कंपनी आहे, आणि ती खोटे निकाल द्यायची. म्हणून शब्द निवडणारे सगळेजण हे घरूनच करायचे. वर्षानुवर्षं तशी रीतच होती. त्यात काही गैर आहे असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण पूर्वी त्यात गैर काही नव्हतंच. आज गुडघे, उद्या गाद्या, परवा 'नीट' परीक्षेचे क्लास.

दुपारचं जेवण झालं की तो जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडायचा. तिकडे यंत्राची खडखड चालू असायची. इकडे तो टाइप करायचा. बायको वारल्यावर पेन्शन कुणाला. मंगळसूत्राचं काय करतात. पत्नीच्या फोटोला कुठला हार. विधुरांसाठी मेळावा सांगली. एकशेचाळीस वाक्यं होती, आणि प्रत्येक आठवड्यातून दोनदा तपासायचं.

वैजयंती बरी होणार होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणून त्या शब्दांचा आपल्या घराशी काही संबंध आहे असं त्याच्या मनाला शिवलंही नाही. मुद्रितशोधक असताना तो निधनवार्ता तपासता तपासता डबा खायचा. तसंच हे.

*

तिसऱ्या डोसाच्या आदल्या दिवशी वैजयंती म्हणाली, "उद्या नको."

"का? ताप आहे?"

"नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ."

पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा तेच सांगितलं. मुरलीधर चिडला, विनवण्या केल्या, पाया पडण्याचं नाटक केलं. ती हसली, पण उठली नाही. डॉक्टर मुल्लांचे दोन फोन आले. "येते हं बाई," असं ती गोड बोलायची आणि फोन ठेवायची.

"अगं, ऐंशी टक्के सांगितलंय त्यांनी!"

"होय. सांगितलंय." आणि त्याच्याकडे अशी बघायची, की जणू तोच आजारी आहे. "तुम्ही जेवा नीट. भाजी कुठली आणायची ते शिकून घ्या. दोडका घेताना कडू आहे का बघतात."

"मी कशाला शिकू? तू आहेस की."

ती यंत्राकडे वळायची.

एक गोष्ट मात्र त्याला बरी वाटली. तिनं स्वतःसाठी ब्लाउज शिवायला घेतला. हिरवागार, खणाचा. पाच वर्षांत तिनं स्वतःसाठी टाका घातला नव्हता. हौसाक्का, समोरच्या घरातल्या सत्तरीच्या बाई, त्यांना तो म्हणालासुद्धा, "अक्का, मन लागायला लागलंय तिचं. नवा ब्लाउज शिवतीय."

हौसाक्का म्हणाल्या, "हिरवा? आता कुणाचं लग्न आहे?"

"असेल कुणाचं तरी."

असे सहा आठवडे गेले.

*

सातव्या आठवड्यात एका सकाळी वैजयंती अंघोळीला गेली होती. दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला तिचा फोन वाजला. मुरलीधरनं उचलला. कुण्या बाईला ब्लाउज कधी मिळणार ते हवं होतं. त्यानं सांगितलं, फोन खाली ठेवायला गेला, आणि पडद्यावर आधीपासून उघडं असलेलं पान दिसलं.

*सवाष्ण गेल्यावर काय नेसवतात? संपूर्ण माहिती.*

ती अक्षरं त्यानंच ठरवलेली. प्रश्नचिन्ह त्यानं टाकलेलं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, जी तपासताना त्याच्या लॅपटॉपवर कधीच दिसली नव्हती: *तुमच्या घरात शोधलेल्या विषयांवरून.*

त्यानं बोटानं वर सरकवलं. ब्लाउजच्या गळ्यांची चित्रं, बाहीचे नमुने, आणि दर तीन-चार चित्रांनंतर एक पान. मंगळसूत्राचं काय करतात. पत्नीच्या फोटोला कुठला हार. शेवटच्या दिवसांत पत्नीशी कसं बोलावं. अजून वर सरकवलं. दोन महिने मागंपर्यंत तेच होतं. दुसऱ्या डोसानंतरच्या तिच्या सगळ्या दुपारी त्या फोनवर होत्या.

यंत्राच्या पायाशी हिरवा ब्लाउज घडी घालून ठेवला होता. हुक लावून झाले होते.

त्यानं तो उलगडून पाहिला आणि होता तसा घडी घालून ठेवला.

वैजयंती बाहेर आली तेव्हा तो फोन हातात धरून उभा होता. तिनं बघितलं आणि खुर्चीवर बसली.

"असू दे," ती म्हणाली. "मला कधीच कळलंय. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला एकट्याला खरं सांगितलं ना? मला वाईट वाटू नये म्हणून ते ऐंशी-बिंशी काढलं. मी विचारलं नाही, कारण तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं."

"वैजू, तसं काही नाही. अगं, हे माझं काम आहे! हे शब्द मी निवडलेत, एका कंपनीसाठी. घरातून टाइप करतो म्हणून त्या मशीनला वाटलं, की या घरात..."

त्यानं फोन तिच्यापुढं धरला.

ती मायेनं हसली. तसं ती पहिल्यांदा पोळी लाटणाऱ्या पोरीला बघून हसायची. "केवढी मोठी गोष्ट रचलीत. मला दवाखान्यात न्यायला काहीही कराल तुम्ही."

"खरं सांगतोय!"

"मग दाखवा की तुमचं काम. कुठं आहे ते?"

तपासणीची नोंद कंपनीच्या यंत्रणेत जायची आणि लॅपटॉपवरून त्याच दिवशी पुसली जायची. घरात त्याचा कसलाही पुरावा नव्हता.

*

"यादी नाही देता येणार, सर," ऋतुजा म्हणाली. "करारात आहे. गिऱ्हाइकाचे शब्द बाहेर जात नाहीत."

"मला फक्त बायकोला दाखवायचीय. एकदा. मग फाडून टाकतो."

"सर, मला फार वाईट वाटतंय. तुम्ही रजा घ्या हवी तेवढी. पण यादी नाही."

तिला खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच मुरलीधरला सहन होईना. समोरच्या भिंतीवर गुरुवारी गिऱ्हाइकाला दाखवायची चित्रं लागली होती. एक रेघ वर वर चढत गेली होती. अनुक्रमचा अंदाज तीन महिन्यांपूर्वी दहातल्या चार घरांबद्दल बरोबर यायचा, आता सात घरांबद्दल येत होता.

"एवढं बघा तरी, सर. किती लवकर शिकतंय ते."

रेघेशेजारी नमुन्याची घरं होती. नाव नाही, फक्त नंबर. *घर ११८, मिरज. 'सवाष्ण गेल्यावर काय नेसवतात' पहिल्यांदा शोधलं: ९ मे. उपचारांविषयीचे शोध थांबले: ११ जून. अंदाज: बरोबर.*

नऊ मे. त्या दिवशी ते वाक्य जगात आलं होतं. ज्या दिवशी खाजा नेला, त्याच संध्याकाळी त्यानं ते घरी तपासलं होतं. त्याच्याआधी ते कुणीही विचारलेलं नव्हतं. शून्य, टाळ्या.

"हे माझं घर आहे," मुरलीधर म्हणाला.

ऋतुजानं भिंतीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"मॅडम, मशीन काही शिकत नाहीये. माणसं ऐकायला लागलीत. तुम्ही त्यांच्या फोनवर मरणाचं पान ठेवता. त्यांना वाटतं, घरातल्या कुणाला तरी आधीच कळलंय. ती हात टेकतात. मग तुमची रेघ वर जाते. बाकीच्या सहा घरांत कोण कोण डोस घ्यायचं थांबलंय ते बघा एकदा."

मग तिनं हळूच विचारलं, "सर, ११८ काढून टाकते मी यातून. दुसरं घर घालते. चालेल? गुरुवारी प्लीज हे कुणासमोर बोलू नका."

तिच्या टेबलावर चहा होता, मुरलीधरसाठी मागवलेला. सायीचा पापुद्रा धरला होता. त्या पापुद्र्याकडे बघता बघता त्याला या खोलीची, त्या टाळ्यांची आणि स्वतःच्या हुशारीची इतकी शिसारी आली, की तो एक शब्दही न बोलता उठला आणि पुन्हा तिथं गेला नाही.

*

घरी येऊन त्यानं जुने कागद काढले, दैनिकातून आणलेले, एका बाजूला छापलेले. निळं पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसला.

मुद्रितशोधकाची स्मरणशक्ती वाईट असते. वाईट अशा अर्थानं, की त्याला काहीच विसरता येत नाही. एकशेचाळीसच्या एकशेचाळीस वाक्यं त्याच्या डोक्यात ओळीनं उभी होती. बायकोची झाली, मग नवऱ्याची लिहिली: नवरा वारल्यावर जोडवी कधी काढतात, बँकेत सही कुणाची. मग आईची, बापाची. मग लेकरांची. लेकरांपाशी त्याचं पेन थांबलं. शेवटून दुसरं वाक्य लिहावं की गाळावं, याचा त्यानं विचार केला. गाळलं असतं तर चाललं असतं. एकशेएकोणचाळीसही पुरेशी होती. पण एकदा सोयीचं तेवढं गाळायला लागलो की आपण कुठवर जातो, ते त्याला आता ठाऊक झालं होतं. त्यानं ते लिहिलं.

वैजयंती गळ्यात टेप अडकवून वाचायला बसली. पहिला कागद तिनं सावकाश वाचला, चेहरा न बदलता. हे तर तिनं फोनवर पाहिलंच होतं. दुसऱ्या कागदावर भुवया जवळ आल्या.

"नवऱ्याचं पण?"

"सगळ्यांचं. ज्या घरात जे मरण असेल तसं."

तिसरा. चौथा. चौथ्या कागदाच्या तळाशी तिचं बोट थांबलं.

*बाळ गेल्यावर अंगावरचं दूध कसं थांबवायचं.*

त्यांचं बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी. त्यानंतर मूल झालं नाही. त्या दहाव्या दिवशी वैजयंतीची चोळी भिजली होती, आणि तिनं भिंतीकडे तोंड करून हा प्रश्न त्याला विचारला होता. आईला नाही, सासूला नाही, त्याला एकट्याला विचारला होता. याच शब्दांत.

"हे मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"होय."

"हे मशीननं काढलं नाही."

"नाही. मी दिलं."

"चांगलं आहे म्हणाले असतील."

तिनं कागद टेबलावर ठेवला आणि बोटं पदराला पुसली, जणू कागदाला तेल लागलं होतं.

"तुमच्या त्या गोष्टीवर आता माझा विश्वास बसला," ती म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. "घाण वाटते हो. मरणाची नव्हती वाटली दोन महिने. मला वाटायचं, माणूस रडतोय एकटाच, मला कळू देत नाही. म्हणून मी ते हिरवं शिवून ठेवलं, तुम्हाला धावपळ नको म्हणून. आणि तुम्ही... हे टाइप करून झालं, की मला विचारायचात, संध्याकाळी मुगाची खिचडी टाकू का."

"वैजू..."

"थांबा. बोलू नका जरा."

यंत्रावर कुणाची तरी साडी अर्धी फॉल लावून पडली होती. तिनं ती काढली नाही, चाकाला हात लावला नाही. मग म्हणाली, "उद्या येते दवाखान्यात. तुमच्यासाठी नव्हे. ऐंशी टक्के माझे आहेत, ते मी का सोडू?"

मग तिनं हिरवा ब्लाउज उचलला, कात्रीनं त्याची एकेक शिवण उसवली आणि चिंध्यांच्या पिशवीत टाकला.

*

डॉक्टर मुल्लांनी नवे फोटो बघितले. बराच वेळ बघितले.

"सात आठवडे," त्या म्हणाल्या. "मध्ये थांबलं की उरलेल्या पेशी औषधाला सरावतात. मी खोटा धीर देत नाही, वैजूताई. आता ऐंशी नाहीत."

"किती?" वैजयंतीनं विचारलं. मुरलीधरकडे न बघता, सरळ डॉक्टरांना.

"वीस म्हणू."

"बरं. वीस तर वीस."

त्या दिवसापासून तिनं घरात एक नियम घातला. या घरात काहीही जाणून घ्यायचं असलं, तर ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच, तोंडानं विचारायचं. फोनला नाही. वाय-फाय तर तिनं त्याच आठवड्यात काढायला लावलं. दोडका कडू आहे का ते मुरलीधर भाजीवाल्या बाईला विचारायला लागला. दुखतंय का, किती दुखतंय, कुठं दुखतंय, हे तो तिला विचारायला लागला आणि ती खरं सांगायला लागली. ते ऐकणं सोपं नव्हतं. काही दिवस ती त्याच्याशी नीट बोलायची, काही दिवस तो ताट घेऊन आला की तोंड फिरवायची. त्याला ते कबूल होतं. आपल्याच हातांची आपल्याला किळस येते तेव्हा दुसऱ्यानं ते हात झिडकारले, तर निदान कुणीतरी खरं बोलतंय असं वाटतं.

त्यानं कंपनीविरुद्ध अर्ज केले. एका खात्यानं दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्यानं पोच दिली. अग्रपाननं सद्गतीचं काम पुढं कर्नाटकातही नेलं, असं त्याच्या कानावर आलं. 'सवाष्ण गेल्यावर काय नेसवतात' हे तोपर्यंत महिन्याला चाळीस हजार लोक विचारायला लागले होते. आधी शून्य होते.

पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, त्यानं तो प्रश्न तिला विचारला.

वैजयंती पडून होती. तिनं डोळे उघडले आणि त्या वर्षात पहिल्यांदाच जुन्यासारखी मिश्कील हसली.

"किती दिवस लावलेत विचारायला."

मग तिनं सांगितलं.

*

वैजयंती श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सकाळी गेली. गल्लीतल्या बायका जमल्या. पुरुष बाहेर बाकड्यांवर बसले. मुरलीधर आतल्या खोलीच्या दाराशी उभा होता.

"हिरवं लुगडं लागतं ना?" कुणीतरी विचारलं.

"आमच्यात शालू नेसवतात."

"चोळी नवी पाहिजे का?"

"थांबा, बघते," हौसाक्का म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला, कमरेची पिशवी सोडली आणि नातीनं दिलेला फोन काढला. फोनशी बोलावं लागलंच नाही. पान आधीच येऊन बसलं होतं. हौसाक्कांच्या घरातही फोन होते, आणि वैजयंतीच्या काळजीनं त्या वर्षभर त्या फोनला तिच्या दुखण्याबद्दल विचारत होत्या.

"हे बघा, आलंच," त्या म्हणाल्या आणि एकेक शब्द लावून मोठ्यानं वाचायला लागल्या. "सवाष्ण गेल्यावर, काय नेसवतात? संपूर्ण माहिती. हिरवं लुगडं, का नवी साडी? चोळी, नवी शिवायची, का असलेली चालते? त्या वेळी घरातली म्हातारी माणसं रडत असतात. विचारायचं कुणाला..."

त्याचेच शब्द होते. ऑफिसातल्या बैठकीत बोलला होता तसेच्या तसे, काटछाट न करता घेतलेले. ते त्या खोलीत, तिच्या अंगावरून, हौसाक्कांच्या थरथरत्या आवाजात येत होते.

"अक्का, ठेवा तो फोन," मुरलीधर म्हणाला.

"अरे बाबा, यात सगळं दिलंय बघ, शास्त्राप्रमाणं..."

"ठेवा."

हौसाक्कांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मुरलीधर कपाटाशी गेला. खालच्या कप्प्यात, डाव्या हाताला, तिनं सांगितलं होतं तिथंच ती होती. जांभळी, सुती, रोजची. ती नेसून ती यंत्रावर बसायची.

"ही नेसवा," तो म्हणाला. "हिचा फॉल तिनंच लावलाय. निऱ्या नीट बसतात."

"अरे, पण जुनी आहे ही. जांभळी कुठं नेसवतात? कुणी सांगितलं तुला?"

"तिनंच," मुरलीधर म्हणाला. "मी तिला विचारलं होतं."